जुगाराचे व्यसन: मोठा डाव लागल्यावरही माणूस थांबत का नाही?

प्रश्न: धाकट्याची_ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेली काही वर्षे मोबाइलवरून सामन्यांवर पैसे लावतो आणि त्याच्या जोडीला क्षणात निकाल लागणारे, चित्रे फिरवण्याचे खेळही खेळतो. तो शिकलेला आहे, नोकरी नीट सांभाळत होता आणि दारू-तंबाखूला त्याने कधी स्पर्श केलेला नाही. त्यामुळे हे व्यसन असू शकते हे मान्य करायलाच आम्हाला फार वेळ लागला. घरच्यांनी त्याचे कर्ज यापूर्वी फेडले, त्याने शपथ घेतली, काही काळ बरा गेला आणि नंतर नव्या कर्जाची बातमी बाहेरच्या माणसांकडून आमच्या कानावर आली.

मला सर्वांत जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. मध्यंतरी त्याने एका रात्रीत इतकी रक्कम जिंकली होती, की सगळी देणी फिटून वर काही उरले असते. "एकदा मोठा डाव लागू दे, मग सोडतो," हे त्याचे पालुपद होते; आणि डाव लागला तेव्हा त्याने ती सगळी रक्कम सकाळ होईपर्यंत पुन्हा लावून घालवली. पैशांसाठी खेळणारा माणूस असे का करील? जुगाराने मेंदूत बदल होतात असे वाचनात येते. ते खरे असेल, तर ते बदल भरून निघतात का, आणि घरच्यांनी नेमके काय करावे? आई आपली ठेव मोडून पुन्हा कर्ज फेडायला निघाली आहे. शक्यतो उपदेशापेक्षा माहिती द्यावी, ही विनंती.

मनोविकार_चिकित्सक

ताई, जिंकलेली रक्कम त्याच बैठकीत पुन्हा लावणे यात अपवादात्मक असे काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या हकिगतीत अशी एक रात्र असते, आणि ती समजून घेतली तर बाकीचे बरेचसे उलगडते.

डोपामिन हे आनंदाचे रसायन आहे, असे सर्रास लिहिले जाते. ते अपुरे आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की मध्यमेंदूतील डोपामिनच्या पेशी जोराने उद्दीपित होतात. पण विशिष्ट खूण दिसल्यावर रस मिळतोच हे माकडाला एकदा कळले, की प्रत्यक्ष रस मिळताना त्या पेशी शांत राहतात आणि त्यांची प्रतिक्रिया त्या खुणेकडे सरकते. अपेक्षित रस मिळाला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते. म्हणजे या पेशी सुखाची नोंद ठेवण्यापेक्षा, जे अपेक्षित होते आणि जे घडले त्यांतील फरक कळवण्याचे काम अधिक करतात आणि त्या फरकावरून मेंदू शिकतो. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ साली ही मांडणी प्रसिद्ध केली. पुढे २००३ साली शुल्ट्झ यांच्याच गटाने दाखवले, की बक्षीस मिळण्याची आणि न मिळण्याची शक्यता समसमान असते, तेव्हा खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या मधल्या काळात या पेशींची हालचाल वाढत जाते आणि ती सर्वाधिक असते. बक्षीस नक्की मिळणार किंवा नक्की मिळणार नाही, अशा वेळी तशी वाढ होत नाही.

जुगार नेमका या जागी बसतो. कोणतेही नवे काम सरावाने ओळखीचे होते, त्याचा अंदाज बांधता येऊ लागतो आणि अपेक्षा व प्रत्यक्ष यांतील फरक हळूहळू नाहीसा होतो. पण ज्या निकालाचा अंदाज कधीच बांधता येत नाही, तिथे हा फरक विझतच नाही. हजारावा डावही मेंदूला पहिल्यासारखाच शिकण्याजोगा वाटतो, जरी त्यात शिकण्यासारखे काहीही नसले. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांत हे बाहेरून पाहिले होते: दाणा ठरावीक चोचींनंतर न देता अनियमितपणे दिला, तर कबुतर अधिक वेगाने आणि अधिक चिकाटीने चोच मारत राहते आणि दाणा बंद केल्यावरही लवकर थांबत नाही.

आता त्या रात्रीकडे पाहा. आपल्या भावाला ज्याची ओढ लागली आहे, ती निकाल लागण्यापूर्वीची ताणलेली अवस्था आहे. जिंकलेल्या रकमेने त्याच अवस्थेत आणखी काही तास राहण्याची सोय झाली, आणि त्याच्या मेंदूने तिचा उपयोग तसाच केला. "मोठा डाव लागला की सोडतो" हे तो खोटे बोलत नव्हता. ते वाक्य बोलताना त्याचा त्यावर विश्वास असणार.

थोडक्यात हुकलेल्या डावाचा परिणामही यात मोठा आहे. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या, चित्रे फिरवण्याच्या खेळावरील अभ्यासात, एका घराने हुकलेला डाव लोकांना साध्या हरण्यापेक्षा अधिक अप्रिय वाटला, तरीही स्वतः चित्र निवडलेले असताना त्यानंतर खेळत राहण्याची इच्छा वाढली, आणि मेंदूतील ज्या भागांत जिंकल्यावर हालचाल होते त्यांपैकी काही भाग या हुकण्यानेही जागे झाले. हरलेला डाव होता, पण मेंदूच्या त्या भागांनी तो 'जवळ आलो' असा वाचला. मोबाइलवरील खेळांत यात आणखी एक भर पडते: दहा लावून चार परत मिळाले, तरी दिवे लागतात आणि विजयाचे संगीत वाजते. शुद्ध तोटा साजरा करून दाखवला जातो.

दुसरी बाजू आवर घालण्याची. कपाळामागील भागातील, विशेषतः त्याच्या खालच्या-मधल्या पट्ट्यातील, यंत्रणा दूरच्या परिणामांना आजच्या निर्णयात वजन देते. या भागाला इजा झालेल्या रुग्णांना पत्त्यांच्या गड्ड्यांतून निवड करायला लावण्याची चाचणी १९९४ साली बेचारा, दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. मोठे बक्षीस पण त्याहून मोठा तोटा देणारे गड्डे हे रुग्ण सोडत नसत, आणि तरीही त्यांची बुद्धिमत्ता शाबूत होती. जुगाराच्या व्यसनात तिथे इजा नसते. पण अनेक अभ्यासांत या भागाचे काम मंदावलेले आढळते आणि उद्याच्या मोठ्या लाभापेक्षा आत्ताच्या लहान लाभाकडे कल झुकलेला दिसतो.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. अमली पदार्थांच्या व्यसनात डोपामिनचे ग्राहक (डोपामिन पेशीवर जिथे जोडले जाते ती ठिकाणे) कमी झालेले वारंवार आढळतात, तसा ठाम निष्कर्ष जुगाराच्या बाबतीत निघालेला नाही. बाहेरून कोणतेही रसायन शरीरात जात नसल्याने त्यात फारसे नवलही नाही. त्यामुळे "मेंदू जळून गेला" किंवा "अमुक दिवसांत डोपामिन पूर्ववत होते" अशी विधाने वाचली, तर ती बाजूला ठेवावीत. येथे घडलेली गोष्ट मुख्यतः फार खोल शिकणे आहे. ते पुसले जात नाही. पण त्यावर दुसरे शिकणे बसते, ओढ विरळ होते आणि बहुतेक वेळ ती जाणवतही नाही. मात्र जुनी खूण समोर आली, की ती पुन्हा डोके वर काढू शकते. उपचारांची आखणी या समजुतीवरच केलेली असते.

रोखठोक

चिकित्सकांचे उत्तर माहितीपूर्ण आहे, पण मला यात एक धोका दिसतो. मेंदूत बदल कशाने होत नाहीत? वाद्य शिकणाऱ्याच्या मेंदूतही बदल होतात आणि आपण त्याला रुग्ण म्हणत नाही. हा भाऊ कर्ज कुठून मिळेल, कोणाला काय सांगायचे, कोणता निरोप लपवायचा, हे सगळे अतिशय हुशारीने ठरवतो आहे. म्हणजे विचारशक्ती पूर्ण जागी आहे. अशा माणसाच्या हाती 'आजार' हा शब्द दिला, तर तो त्याची ढाल करील आणि घरचे पुन्हा पैसे मोजतील. आधी जबाबदारी निश्चित व्हावी, मग मेंदूची चर्चा व्हावी.

मनोविकार_चिकित्सक

रोखठोक, आपला आक्षेप रास्त आहे आणि रुग्णांचे नातेवाईक तो नेहमी घेतात. केवळ मेंदूतील बदलावरून कोणालाही आजारी ठरवले जात नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. निदान वागण्यावरून आणि हानीवरून होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार प्रथम १९८० साली आला, तेव्हा तो आवेगावर ताबा नसण्याच्या विकारांत गणला गेला होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत नेण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो व्यसनी वर्तनाच्या विकारांत आहे. पाचव्या आवृत्तीनुसार, बारा महिन्यांत नऊपैकी किमान चार निकष पूर्ण व्हावे लागतात: रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा न येणे, थांबवू पाहिल्यास चिडचिड होणे, गेलेले पैसे काढण्यासाठी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे, आणि आर्थिक कोंडीतून सुटण्यासाठी दुसऱ्यांच्या पैशांवर विसंबणे, हे त्यांपैकी काही. ज्या लबाडीकडे आपण बोट दाखवता, ती या यादीतच बसलेली आहे.

नियोजनाची बुद्धी शाबूत असणे आणि कशाला किती मोल द्यायचे याचा तोल बिघडलेला असणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकाराकडे असलेल्या कलाचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते. उरलेला वाटा आयुष्याचा आणि खेळाच्या उपलब्धतेचा. हा कल त्या भावाने निवडलेला नाही. पण उपचार घेणे, हिशेब उघड करणे आणि देणी स्वतः फेडणे ही जबाबदारी त्याचीच आहे, आणि ती त्याच्यावर ठेवणे हाच उपचाराचा भाग आहे. 'आजार' या शब्दाची ढाल होते ती घरच्यांनी पैसे भरले तर, एरवी नाही.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो. रुलेटच्या, म्हणजे फिरत्या चक्रात चेंडू टाकून तो कोणत्या घरात पडतो यावर पैसे लावण्याच्या खेळाच्या, युरोपीय चक्रात ३७ घरे असतात: १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचे. लाल किंवा काळ्यावर लावलेल्या रकमेपैकी सरासरीने सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे २.७ टक्के, प्रत्येक डावात चालकाकडे जातो. हा आकडा किरकोळ वाटतो आणि सगळी फसगत इथेच आहे. कारण खेळणारा आपली रक्कम एकदा लावून उठत नाही. तीच रक्कम पंचवीस वेळा फिरवली, तर सरासरीने ती निम्मी उरते, आणि मोबाइलवर पंचवीस डावांना काही मिनिटेच लागतात. खेळाचा वेग हा स्वतंत्र धोका आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

सामन्यांवर लावणारा म्हणतो, की माझा अभ्यास आहे. दोन्ही बाजूंना १.९० असा भाव असेल, म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास १.९० रुपये हाती येत असतील, तर तोटा टाळण्यासाठीच शंभरात जवळपास ५३ अंदाज बरोबर यावे लागतात. आणि त्याला ठाऊक असलेली खेळाडूंची दुखापत, मैदान, हवामान ही माहिती भावात आधीच उतरलेली असते. जो सातत्याने जिंकतो, त्याच्या पैजांवर अनेक चालक मर्यादा घालतात, ही गोष्ट जाहिरातीत दिसत नाही.

१८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला, आणि "आता लाल येणारच" म्हणून लावणाऱ्यांनी प्रचंड रकमा गमावल्या, ही घटना प्रसिद्ध आहे. चक्राला मागचा निकाल आठवत नाही, हे वर्गात सर्वांना पटते. तरीही मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांच्या १९७५ च्या प्रयोगात, ज्यांनी लॉटरीचे तिकीट स्वतः निवडले होते त्यांनी ते परत विकण्यासाठी, तिकीट नुसते हाती दिलेल्या लोकांपेक्षा चौपटीहून अधिक किंमत मागितली. जिंकण्याची शक्यता दोघांचीही सारखीच होती. म्हणून ताई, भावाला गणित पटवून देण्यात आपली शक्ती खर्च करू नका. त्याला ते बहुधा आपल्याहून चांगले येत असेल. ते खेळापूर्वी आणि खेळानंतर आठवते; मधल्या वेळात त्याचा उपयोग होत नाही.

नवा_सभासद

विषय थोडा वेगळा आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, रुग्ण आहेत. आयुष्यभर त्यांनी पत्त्यालाही हात लावला नाही. औषध बदलल्यानंतर मात्र ते सतत लॉटरी घेऊ लागले आहेत आणि आमच्यापासून लपवतात. याचा काही संबंध असू शकतो का?

मनोविकार_चिकित्सक

असू शकतो, आणि प्रश्न विचारलात हे चांगले झाले. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामिनची नक्कल करणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत जुगार, अनावर खरेदी, अति खाणे किंवा कामेच्छा वाढणे असे दुष्परिणाम दिसतात, ही नोंद पक्की आहे. अॅरिपिप्राझोल या मनोविकारांवरील औषधाबाबतही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली असाच इशारा दिला. औषध कमी केल्यावर अनेकांत हे वागणे ओसरते. मात्र ते आपल्या मनाने अचानक बंद करू नका. त्याने वेगळे आणि गंभीर त्रास होतात. मेंदूविकारतज्ज्ञांना लॉटरीची गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा, कारण ते विचारतीलच असे नाही, आणि वडील आपणहून सांगणार नाहीत. त्यांना लाज वाटत असेल, तर हा औषधाचा परिणाम असू शकतो हे त्यांना आधी सांगा.

काठावरून_परत

मी या व्यसनातून बाहेर पडलेला माणूस आहे. वरची शास्त्रीय माहिती मला फार उशिरा मिळाली. ती वाचताना बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटल्या. ताई, मी फक्त व्यवहारातले सांगतो.

निश्चयावर भिस्त ठेवू नये. निश्चय सकाळी केलेला असतो आणि तल्लफ रात्री येते. म्हणून तल्लफ आणि पैज यांच्यामध्ये जितके अडथळे उभे करता येतील तितके करावेत. पगार ज्या खात्यात येतो, त्याचा व्यवहार विश्वासातील माणसाच्या हाती द्यावा आणि रोजच्या खर्चापुरतीच रक्कम स्वतःजवळ ठेवावी. क्रेडिट कार्ड परत करावे, कर्ज देणारी अॅप काढून टाकावीत, मोबाइलवर जुगाराची संकेतस्थळे अडवणारे सॉफ्टवेअर घालावे आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवावा. जिथे चालकाकडे स्वतःचे खाते कायमचे बंद करून घेण्याची सोय असते, तिथे ती वापरावी. नुसते अॅप काढून टाकल्याने खाते जिवंत राहते आणि 'परत या, एवढी रक्कम भेट' असे निरोप येत राहतात. यांतला कोणताही अडथळा ओलांडता न येण्यासारखा नाही. पण तल्लफ ही चढते, टोकाला जाते आणि उतरते. तेवढा वेळ मिळवणे एवढेच अडथळ्यांचे काम आहे. लाट जाऊ द्यायची, तिच्याशी वाद घालायचा नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत झोप उडते, चिडचिड होते आणि सगळे बेचव वाटते. घरच्यांना वाटते, की सोडल्यावर हा आनंदी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो अधिक तिरसट होतो. हे अपेक्षित धरावे. रिकामा वेळ हा त्या काळातला मुख्य शत्रू आहे, विशेषतः पगाराचा दिवस आणि उशिराची रात्र.

सर्वांत चिवट विचार असतो तो "गेलेले काढायचे" हा. बाकीची ओढ कमी झाल्यावरही तो टिकतो, कारण कर्जाचा आकडा रोज समोर असतो आणि तेवढा आकडा झटपट आणू शकणारी एकच वाट डोक्याला माहीत असते. मला उपयोगी पडले ते असे: सगळ्या देण्यांची यादी एका कागदावर लिहिली, दरमहा झेपेल असा हप्ता ठरवला आणि मग त्या यादीकडे पाहणे सोडले. कर्ज संथपणे फिटणार हे एकदा मान्य केले, की जुगाराचे निमित्त उरत नाही. गॅम्बलर्स अॅनॉनिमस ही परस्पर-आधाराची मंडळी १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली आणि तिच्या बैठका आता अनेक देशांत, ऑनलाइनही, भरतात. प्रत्येकाला ती पद्धत मानवते असे नाही, मलाही तिच्यातले सगळे पटले नाही. पण जिथे खोटे बोलण्याचे कारणच नसते अशी ती माझ्या आयुष्यातली पहिली खोली होती.

धाकट्याची_ताई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे आईलाही वाचून दाखवली. तरी तीन गोष्टी विचारते. आई म्हणते, की देणेकरी दारात येण्यापेक्षा आपण भरलेले बरे. तिला काय सांगू? दुसरे, परवा बोलता बोलता तो म्हणाला, "मी नसतो तर तुम्ही सगळे सुटला असता." तो रागाने बोलला की खरेच, हे मला कळलेले नाही आणि विचारायची भीती वाटते. तिसरे, तो म्हणतो, की पैसे लावणे सोडतो पण सामने पाहणे सोडणार नाही. हे मान्य करावे का?

मनोविकार_चिकित्सक

दुसरा प्रश्न आधी घेतो. आजच विचारा. "तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?" असे सरळ शब्दांत विचारावे, विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे आणि बहुतेकांना विचारल्याने सुटल्यासारखे वाटते. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारित, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या विकाराचे निदान झालेल्यांत आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे पंधरापट आढळले. कर्ज उघडकीस येण्याच्या आसपासचे दिवस विशेष जोखमीचे असतात, आणि आपण सध्या त्याच दिवसांत आहात. उत्तर होकारार्थी आले किंवा टाळले गेले, तर त्याला एकटे सोडू नका, औषधे आणि इतर घातक वस्तू हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कर्जाची चर्चा चार दिवस थांबली तरी चालेल.

आईंना असे सांगा, की प्रश्न भरावे की भरू नये एवढाच नाही. कसे भरले जाते यावर बरेच अवलंबून आहे. सगळे देणे एकदम आणि गुपचूप फिटले, की मेंदूच्या हिशेबी शेवटचा डावही जिंकला गेलेला असतो: कोंडी झाली, ताण टोकाला गेला आणि सुटका झाली. म्हणून ठेव मोडू नये. भावाच्या हाती रोख रक्कम देऊ नये. संपूर्ण यादी त्याच्याकडून, बँकेच्या कागदांसह, मागावी. पहिल्या यादीत सहसा एखादे देणे लपवलेले असते, त्याने खचून जाऊ नये. परतफेड त्याच्या उत्पन्नातून, हप्त्याने आणि थेट देणेकऱ्याला व्हावी. एखादा सावकार मारहाणीची धमकी देत असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे आधी सुरक्षितता आणि कायद्याचा सल्ला. आईंनी स्वतः कोणत्याही कर्जाला जामीन राहू नये.

उपचारांत आजवर सर्वाधिक पुरावा आहे तो बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीला. त्यात तल्लफ कोणत्या प्रसंगी येते हे टिपले जाते, "आता लाल येणारच" छापाचे विचार उघडे करून तपासले जातात आणि जोखमीच्या प्रसंगाची आगाऊ तयारी करून घेतली जाते. ज्याची सोडण्याची इच्छा डळमळीत आहे त्याच्यासाठी प्रेरणावर्धक मुलाखतीचे तंत्र वापरतात. "सोडशील की नाही" असा दम देण्यापेक्षा ते अधिक काम करते. खास या विकारासाठी मान्यता मिळालेले औषध नाही. दारूच्या व्यसनातही वापरले जाणारे नॅलट्रेक्सोन काही रुग्णांत तल्लफ कमी करते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. नैराश्य, अतिचंचलता किंवा मद्यपान सोबत असेल, तर त्याचा उपचार वेगळा करावा लागतो, नाहीतर जुगाराचा उपचारही अर्धवट राहतो. काही जण कोणत्याही औपचारिक उपचाराशिवाय बाहेर पडतात, हेही खरे आहे. अमेरिकेतील मोठ्या सर्वेक्षणांच्या २००६ साली झालेल्या विश्लेषणात असे सुमारे एक तृतीयांश लोक आढळले. पण आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत त्याची वाट पाहू नये. मधे एखादी घसरण झाली, तर उपचार फुकट गेला असे समजू नका. ती कोणत्या दिवशी, कशानंतर झाली, एवढे लिहून पुढच्या भेटीत आणा.

काठावरून_परत

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या बाजूने देतो. सुरुवातीचे काही महिने सामने पाहू नयेत, निदान एकट्याने आणि मोबाइल हातात घेऊन तर नाहीच. पैसे लावणाऱ्याने सामना वर्षानुवर्षे केवळ सामना म्हणून पाहिलेलाच नसतो. पुढच्या षटकात काय होईल, पुढचा गोल कोण करील, या प्रत्येक क्षणाला त्याच्या डोक्यात भाव हलत असतो, आणि पडद्यावर भाव दाखवणाऱ्या जाहिरातीही असतात. त्याला हे बंधन अपमानास्पद वाटेल. म्हणून "सामने बंद" असे फर्मान काढू नका. सामना संपल्यावर निकाल वाचायचा, थेट पाहायचा नाही, एवढ्यावर त्याला राजी करा. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना त्याला कंटाळवाणा वाटला, तर ती गोष्ट त्याने समुपदेशकाला जरूर सांगावी. पुढे तो पाहू लागला, तर कोणाच्या तरी सोबतीने पाहू द्यावा. मला स्वतःला काही खेळ पुन्हा आवडू लागले. एक मात्र मी अजूनही पाहत नाही आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही.